नऊ नंबर, जेवलास का?

आमच्या सासूबाईंना दुपारी एका माणसाचा आवाज ऐकू यायला लागला आणि तो ऐकायला त्यांच्याखेरीज घरात कुणीच नसायचं, हीच खरी पंचाईत होती. "कुणीतरी बोलतो गं," त्या म्हणायच्या, "कुठं पोहोचलास म्हणून विचारतो." आम्ही नवराबायको दिवसभर कामावर. शेजारचा टीव्ही असेल म्हणून मी विषय उडवून लावला. पण एकदा नवरा दुपारी अचानक घरी आला, तेव्हा आई आपल्या खुर्चीत बसून रिकाम्या खोलीला सांगत होत्या, "हो रे बाबा, जेवले."

नवऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तो हळवा आहे, आणि हळवी माणसं घाबरली की फार कामाला लागतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा आहे असं कळलं. "गॅस चालू ठेवून कुणाशी गप्पा मारत बसली तर?" तो म्हणायचा. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून मीही गप्प बसले. आईंना कळू नये म्हणून आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजायचो. आता आईंचे कान आमच्या दोघांपेक्षा तिखट, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. दोन-चार दिवसांतच त्या म्हणायला लागल्या, "आवाज बंद झाला बरं का. गोळी लागू पडली." नवऱ्याला ते पटलं नाही. रविवारी जागा बघायला जायचं ठरलं.

आता त्या खोलीतल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल, म्हणजे गाण्याच्या मशीनबद्दल सांगायला हवं. तो माझ्या सासऱ्यांचा. ते असताना त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आईंना खुर्चीतून गाणी नीट ऐकू यावीत म्हणून त्यांनी दुसरा स्पीकर खुर्चीमागे ठेवला आणि त्याची वायर सगळ्या भिंतीच्या कडेनं फिरवून आणली. "सारखा चालू-बंद केला की पार्ट जातात, नुसता आवाज शून्यावर आण," असं त्यांचं म्हणणं. ते गेले, पण आईंनी नियम मोडला नाही. गाणी ऐकून झाली की आवाज शून्यावर, मशीन चालूच. आणि मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की पहिलं काम म्हणजे ते बटण बंद करणं. वीज काय फुकट येते? यावरून आमची कधी भांडणं झाली नाहीत. त्या चालू ठेवायच्या, मी बंद करायचे, एवढंच.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात माझा पाय मुरगळला आणि मी घरी बसले. दुपारी आई अंथरुणावर टेकल्या होत्या, म्हणून मी त्यांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले. मशीनचा लाल दिवा डोळ्यांत खुपत होता, पण उठायचा कंटाळा आला. तेवढ्यात माझ्या मानेमागून कुणीतरी म्हणालं, "नऊ नंबर, कुठं पोहोचलास? जेवलास का?"

मी लंगडत आईंकडे गेले. "आई, मी ऐकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला. "मला नाही बाई काही ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. "पण मला आलं ना. आता मलाही पाठवा म्हणावं तिकडं. एकाच खोलीत राहू आपण." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी माझ्या भावाला बोलावलं. तो कार्यक्रमांना साउंड सिस्टिम लावतो, आणि स्वतःच्या तोंडाला मात्र त्याला आवाज कमी करायचं बटण नाही. नवऱ्यालाही फोन करून सुट्टी टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खुर्चीभोवती. आवाज आला तसा नवरा मटकन खाली बसला. भाऊ गॅलरीत गेला आणि समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. तिथं खाली मालवाहू ट्रकचं नवं ऑफिस झालं होतं आणि गच्चीवर उंच अँटेना उभी होती. तिथला माणूस वायरलेसवरून ड्रायव्हरांशी बोलायचा. ड्रायव्हर लांब असायचे, म्हणून त्यांची उत्तरं आमच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

"पण आवाज तर शून्यावर आहे," नवरा म्हणाला.

"ते बटण गाण्याचं, भाऊजी. हा मागच्या दारानं शिरतो." भावानं खिशातून एक काळी जाड बांगडी काढली. "हे फेराइट. लोखंडाच्या गंजासारखी भुकटी भाजून करतात. गाणं यातून सुखानं जातं, वायरलेसची लाट अडकते. दोन मिनिटांत बघा."

मोठ्या ऐटीत त्यानं ती विजेच्या वायरवर चढवली. दोन मिनिटांनी नऊ नंबरला पुन्हा जेवणाचं विचारलं गेलं. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यानं भिंतीच्या कडेची ती लांब वायर हातात धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अँटेना तर घरातच आहे." सासऱ्यांनी मायेनं ओढलेल्या वायरीचीच अँटेना झाली होती. मशीनपाशी त्यानं वायरीचे दोन्ही पदर एकत्र धरून बांगडीतून एकदा ओवले. आवाज बारीक झाला, पण गेला नाही. "वेढे वाढवले पाहिजेत," म्हणत त्यानं बांगडीत मावतील तितके वेढे घातले.

आम्ही वाट बघत बसलो. समोरच्या ऑफिसच्या खिडकीत माणूस माईक तोंडाशी धरून बोलताना दिसत होता. स्पीकरमधून काहीच आलं नाही. मग भावानं गाणं लावलं, ते अगदी स्वच्छ वाजलं.

आई उठल्या आणि पलंगाखालची पिशवी ओढून बाहेर काढली. घडी घातलेले कपडे, चष्म्याचं घर, सासऱ्यांचा फोटो. त्यांनी केव्हाच भरून ठेवली होती. ती रिकामी करता करता त्या मला म्हणाल्या, "वेड लागायची भीती नव्हती गं मला. खरं बोलले तर घर जाईल, याची होती. तू माझ्या खुर्चीत बसलीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." मला रडू फुटलं. मी नुसती आळसानं बसले होते, आणि त्या आळसाचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

नवरा अजून जमिनीवरच होता, मान खाली घालून. त्याला माफी मागायची होती. आईंनी फोटो जागेवर ठेवला, स्पीकरकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"जेवलास का रे?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आई ताट वाढायला गेल्या.

संध्याकाळी त्या बटणापाशी मी उभी राहिले, आणि हात न लावता परत फिरले.