पानं विरघळली कशाने?

बिघाड दिसला की त्याचं कारण सापडलंच पाहिजे, असा घड्याळजींचा दंडक होता. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. पण ‘आपोआप बंद पडलं हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर कधी विश्वास ठेवला नाही. एक तर पाणी शिरलेलं असतं, नाहीतर कुणीतरी आपटलेलं असतं.

म्हणून नोकरीच्या गावी निघालेल्या लेकीने आपली काचपेटी मागे ठेवली, तेव्हा त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. पेटीत मासा औषधालाही नव्हता. वाळू, पाणी आणि मधोमध कडेला चुण्या असलेल्या लांबट हिरव्या पानांचं एक झुडूप. नाव क्रिप्टोकोरिन. ते काही घड्याळजींच्या जिभेला वळलं नाही.

“बाबा, फार लाड करू नका,” लेक म्हणाली होती. “आठ तास दिवा, आठवड्यातून एकदा थोडं पाणी बदलायचं. बस्स.”

घड्याळजींनी दिव्याला टायमर बसवला, थर्मामीटर आणला. वर आपल्या मनाने दर सोमवारी खताची एक गोळी वाळूत खुपसायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात पानांना भोकं पडली. मग कडा पारदर्शक झाल्या. एका सकाळी त्यांनी नुसतं बोट लावलं, तर अख्खं पान बुळबुळीत होऊन हातात आलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार पानं गेली.

घड्याळजी चक्रावले. त्यांनी टायमर खोलून पाहिला. तो ठणठणीत होता. पाणी मात्र कधी बावीस अंश दाखवी, कधी सत्तावीस. थर्मामीटर खुळावला म्हणून दुसरा आणला. दोघांचं अगदी एकमत!

लेकीने फोनवर विचारलं, “काय बदललंत?”

“काही म्हणजे काही नाही!” घड्याळजी शपथेवर सांगावं तसं म्हणाले. शेजारी त्यांची बायको मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत होती.

दोन दिवसांनी भिंग घरी विसरलं म्हणून ते भरदुपारी दुकानातून परत आले. बघतात तर बायकोचा हात खांद्यापर्यंत पेटीत, शेजारी बादली आणि दिव्यावर जुना टॉवेल.

“अगं, हे काय चाललंय?”

ती दचकली, पण मागे हटेल तर ती कसली! “एवढा उजेड मारता, त्या बिचाऱ्याने डोळे मिटायचे कधी? मी दुपारी झाकते जरा. आणि पाणी केवढं शिळं! रोज अर्धी बादली बदलते.”

“रोज? मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही मला कधी विचारलंत?”

घड्याळजींनी बादलीत डोकावून पाहिलं. मग हळूच विचारलं, “आणि माझ्या खताच्या गोळ्या?”

“त्या वाळूतल्या पांढऱ्या? ते खत होतं होय! मी घाण समजून वेचून टाकत होते.”

लेकीला फोन लावला, तर ती हसून हसून बेजार. “सारखं काहीतरी बदललं की ते पानं टाकून देतं. मुळं उपटली नाहीत ना? मग जिवंत आहे. दिवा बाबांकडे, पाणी आईकडे, तेही आठवड्यातून एकदाच. बाकी पेटीकडे फिरकू नका.”

दोघांनी मनावर दगड ठेवला. उरलीसुरली पानंही विरघळली, तरी नुसत्या वाळूकडे बघत पंधरा-वीस दिवस काढले. मग एक दिवस वाळूतून टोकदार, गुंडाळलेलं पान वर आलं. पण रंग तपकिरी!

“हे ते झाड नव्हेच,” घड्याळजी म्हणाले.

“मग दुसरं कुठून येणार? पेटीला काय दार आहे?”

लेकीने सांगितलं, झाड तेच. उजेड बदलला की पानाचा रंग बदलतो.

“मग त्याचा खरा रंग कुठला? तेव्हाचा की आत्ताचा?”

“दोन्ही खरे, बाबा.”

दोन्ही खरे कसे असतील? घड्याळजींच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. रविवारी दुसरं पान उलगडलं. त्यांनी बायकोला हाक मारली.

“बघ बरं, हा कुठला रंग?”

ती काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. “मला तर हिरवा दिसतोय.”

घड्याळजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांना तो तपकिरीच दिसत होता.