आधी जनकाबाईंना विचारा

मी ॲडव्होकेट पुष्पांजलीबाईंचा काळा कोट बोलतोय, आणि आज जरा तावातच बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका.

चिखलीच्या बाजारात नारायणराव शिंप्यांच्या मशीनवर माझा जन्म झाला. माप घेताना ते म्हणाले, "पोरी, बाह्या सैल ठेवतो. कोर्टात भांडा लागते तुले." उंद्रीच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही लेक. पहिल्या दिवशी मी इतका कडक होतो, की तिला धड बसताही येईना.

बाकीचे कोट जमिनीचे, फौजदारीचे खटले लढायचे. माझ्या बाईंकडे यायची म्हातारी माणसं. कुणाचं औषधपाणी बंद केलेलं, कुणाला घराबाहेर काढलेलं. बाररूममधले वकील हसायचे, "काऊन बाई, लष्कराच्या भाकरी भाजून राह्यल्या?" बाई आपला चहा प्यायच्या. माझं मात्र डोकं फिरायचं. अरे, तुम्ही काय जन्मभर पंचविशीतच राहणार आहात?

गेल्या महिन्यात अमडापूरच्या जनकाबाईंचं मांडीचं हाड मोडलं. खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, म्हातारी काठी धरून चालायलाही लागली. पण मुलगा हिंमतराव तिला घरी न्यायला तयार नव्हता. त्यानं परस्पर लांबच्या वृद्धाश्रमात जागा ठरवून टाकली. आपल्याकडे रीतच आहे ना! पेशंट खाटेवर टक्क जागा असला तरी विचारायचं, "नातेवाईक कोण?" मग सगळं बोलणं पेशंटच्या डोक्यावरून, त्या नातेवाइकाशीच. जनकाबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फोन मागून आम्हाला बोलावलं.

आम्ही पोचलो तेव्हा वृद्धाश्रमाची गाडी खाली येऊन उभी होती. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मुलाच्या सहीशिवाय आम्ही पेशंट सोडत नाही."

बाई कडाडल्या, "पेशंट शुद्धीवर आहे. कुठं जायचं ते त्या स्वतः ठरवतील! आजींची इच्छा अशी आहे, की त्यांना…"

"थांब वं बाई!" जनकाबाईंनी माझी बाही अशी ओढली, की काखेत टाका उसवला. "तू बी माह्या डोक्यावरूनच बोलून राह्यली! मी काय मूग गिळून बसली का? मले इचारा ना!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"चुकलंच माह्यं, आजी. सांगा, कुठी जाचं?"

"माह्या घरी. घर माह्या नावावर हाय." मग लेकाकडे वळून म्हातारी म्हणाली, "हिंमत्या, तुले राहाचं असन त राह्य. मी नाही तुले हाकलून देऊन राह्यली."

डॉक्टरांनी कागद जनकाबाईंसमोर ठेवला, त्यांनी सही केली. गाडी रिकामी परत गेली. शाब्बास म्हातारे! मला हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

आता माझी कोपरं विरलीत, रंग विटलाय. बाररूमवाले म्हणतात, नवा कोट शिवा. खुशाल शिवा! पण मला पायपुसणं करायची घाई करू नका, माझं काम संपलेलं नाही.

आज सकाळीच धामणगाव बढ्याचे रामराव आलेत, सोबत मुलगा. मुलानं तोंड उघडताच बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा. बाबा, तुम्ही बोला." रामराव नुसते बघताहेत. त्यांना घरात कुणी विचारल्याला वर्षं झाली असतील. मुलगा घड्याळ बघतोय. बघू दे. म्हातारा बोलेपर्यंत आम्ही इथून हलणार नाही.