गदाधरावर दोन युरो

आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डला मुलाकडे राहायला येऊन दीनानाथरावांना दोन वर्षे झाली होती. मकरंद औषधांच्या कारखान्यात अभियंता. तो कामावर गेला की घरात उरत ते दोघेच, दीनानाथराव आणि त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मी. सांगलीत चाळीस वर्षे एकत्र क्रिकेट पाहिलेल्या या दांपत्याला बेसबॉलची गोडी लागली ती योगायोगानेच. एका रविवारी मकरंदने लॅपटॉपवर अमेरिकेतला सामना लावून दिला आणि ऑनलाइन पैजेचे खातेही उघडून दिले. "दोन युरोच्या वर जायचं नाही हं, बाबा," एवढीच त्याची अट.

पैज नेहमी एकाच खेळाडूवर. तो बॅट खांद्यावर टाकून संथपणे मैदानात येई. त्याला प्रथम पाहिले तेव्हाच विजयालक्ष्मी म्हणाल्या होत्या, "अहो, हा तर गदाधर!" त्याचे खरे नाव त्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाही. गदाधराने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला की पैज जिंकली.

सांगलीची एक रीतही त्यांच्याबरोबर सातासमुद्रापार आली होती. ज्याच्या पायगुणाने गडी बाद होतो त्याने खोलीबाहेर जायचे, सामना संपेपर्यंत आत डोकवायचे नाही, आणि हाक आली तरी ओ द्यायची नाही. हा मान चाळीस वर्षे विजयालक्ष्मींकडेच होता.

२०११ च्या जूनमधला तो शनिवार. मकरंद पाळीवर गेलेला. सायंकाळी साडेपाचला सामना सुरू झाला. दीनानाथरावांनी पैजेची कळ दाबली, त्याच वेळी विजयालक्ष्मी चिवड्याची वाटी घेऊन आल्या, आणि गदाधराचा तिसरा फटकाही हवेतच फिरला. तीन चुकले की गडी बाद.

"आलीस? झालं! गेला बिचारा."

"त्याला तिकडे अमेरिकेत काय कळतंय मी आले ते?"

"लॉर्ड्सवर कळत होतं ना? मग हे काय फार लांब आहे?"

"बरं बाबा, जाते. जिंकलात तर निम्मे माझे. हद्दपारीचा भत्ता!" असे म्हणून त्या हसतच गेल्या आणि स्वयंपाकघराचे दार त्यांनी ओढून घेतले.

तिकडे पाऊस आला. सामना दीड तास थांबला. दीनानाथराव जागचे हलले नाहीत. मध्ये एकदा भांडे पडल्याचा आवाज झाला. "अगं, चहा टाकतेस का?" त्यांनी हाक दिली. उत्तर आले नाही. पक्की आहे हो, असे मनाशी म्हणून ते कौतुकाने हसले. खिडकीतून भिंतीवर पडलेले ऊन चार वाजल्यासारखे स्वच्छ होते. जन्मभर ज्यांनी सायंकाळ सूर्याला विचारून ओळखली, त्यांना घड्याळाकडे पाहावेसे वाटले नाही. जूनमध्ये इथला सूर्य दहापर्यंत रेंगाळतो, हे त्यांना ठाऊक होते, पण ध्यानात राहिले नाही.

बरोबरी सुटेना म्हणून खेळ लांबला, आणि अखेर गदाधराने चेंडू प्रेक्षकांत उडवला. "संपली गं तुझी हद्दपारी! ये आता!" असे ओरडत दीनानाथराव स्वयंपाकघरात गेले.

विजयालक्ष्मी ओट्यापाशी जमिनीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

रुग्णालयात तपासणी होईतो दहा वाजून गेले. मकरंद कारखान्यातून थेट तिथे आला. डॉक्टर तरुण आयरिश मुलगी होती, आवाजाने मृदू. तिने एकच प्रश्न विचारला. यांना शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत? मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध त्या क्षणापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, नंतर ते रक्तस्राव करू शकते, असे तिने समजावून सांगितले. ते न दिल्यास वाचा परत येण्याची आशा फार थोडी.

मकरंदने वडिलांचा दंड घट्ट धरला. "बाबा, नीट आठवा. चहाला उठला असाल ना? सात वाजता? साडेसात?"

एक आकडा सांगितला असता तर पुरले असते. आणि तो खोटा असता, तर औषधाचेच विष झाले असते. दीनानाथरावांनी डोळे मिटले. मग एकेक शब्द जोखून ते म्हणाले, "पाच वाजून एक्केचाळीस मिनिटे. पैज लावल्याची वेळ पडद्यावर उमटते. तेव्हा ती दारात उभी होती. हसत होती."

डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून बावीस. तिने पेन खाली ठेवले आणि क्षमा मागितली.

"बाबा, साडेतीन-चार तास? एकदाही उठून बघितलं नाहीत?" मकरंदच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. ती रीत त्यांच्या जिभेवर आली होती. पण त्या कोरड्या दिव्यांखाली ती कुणालाही सांगण्याजोगी उरली नव्हती.

त्यांना आत सोडले तेव्हा विजयालक्ष्मी जाग्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग डावा हात सावकाश उचलून त्यांचा स्वेटर चिमटीत धरला. घाईत तो उलटा घातला गेला होता, शिवणी बाहेर दिसत होत्या.

"हो, हो," दीनानाथराव म्हणाले. तिथेच उभे राहून त्यांनी स्वेटर काढला, सुलटा केला आणि पुन्हा अंगात घातला. "आता ठीक?"

विजयालक्ष्मींचे ओठ हलले, पण शब्द उमटला नाही. दीनानाथरावांनी कान त्यांच्या मुखाजवळ नेला आणि तसेच वाकून राहिले.