मोडायला निघालेला चमचा

मित्रांनो, रायपूरच्या चौबे कॉलनीत, एका लोखंडी कपाटात राहणारा मी चांदीचा जुना चमचा. आधीच सांगून ठेवतो, मी थोडा गर्विष्ठ आहे.

निव्वळ चांदी फार मऊ, म्हणून माझ्या कारागिरानं तीत थोडं तांबं मिसळलं. मग तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. शेवटी बारीक कलमानं माझ्या दांड्यावर नक्षी कोरली. एवढ्याशा पोलादी टोकातून असं काही उमटतं, याचं मला आजही नवल वाटतं. या घरातल्या चार पिढ्यांनी उष्टावणाचा पहिला घास माझ्यातून घेतला. "वेल किती सुरेख!" असं पाहुणे म्हणायचे आणि मी फुगायचो. पुढे स्टीलचे चमचे आले. मी डबीत काळा पडत गेलो.

गेल्या महिन्यात घरच्या सुनेनं, ज्ञानदानं, मुलीच्या उष्टावणासाठी कपाट आवरलं. माझ्या डबीत सासऱ्यांच्या, नरहरबाबांच्या हातची चिठ्ठी होती. तिच्यावर एकच शब्द होता, 'मोडी'. ज्ञानदाची सगळी शाळा हिंदीत झालेली. चमचा मोडीत काढायचा आहे, असं तिला वाटलं. ती मला घेऊन सराफ्यात गेली.

"भैया, हा गलवून बेबीसाठी वाटी बनवून द्या."

गंगाधर कारागिरानं भट्टी पेटवली. माझी तर पाचावर धारण बसली! आधी त्यानं मला रिठ्याच्या पाण्यानं पुसलं. काळं फक्त कोरीव रेषांत उरलं. त्यानं भिंग लावलं आणि त्याचा हात थांबला.

"दीदी, हे वेल नाही वाटून राहिली मले. अक्षरं दिसून राहिले."

ज्ञानदानं फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच फोन वाजला.

"अवं पोट्टी, तिथं काहून नेलं त्याले? मोडी म्हणजे लिपी! जुन्या लोकांचं लिहिणं! मोडायले कोणं सांगितलं तुले?"

"सॉरी बाबा, मले काय माहीत..." ज्ञानदा रडवेली झाली. "पर इसमें लिखा क्या है?"

बाबांचा आवाज उतरला. "'हळू भरवा.' माझ्या पणजीनं कोरून घेतलं होतं. तिचं पहिलं लेकरू घासाचा ठसका लागून गेलं होतं."

गंगाधरनं भट्टी बंद केली.

मी थक्क झालो, मित्रांनो. ज्या नक्षीवर इतकी वर्षं मिरवलो, ती म्हणजे एका आईचं बोलणं होतं! मला वाचता येत नाही. बाबांना येत होतं, पण त्यांना कधी कोणी विचारलंच नाही.

उष्टावण माझ्यातूनच झालं. ज्ञानदानं खिरीचं एक एक शीत भरवलं. हल्ली ती रोज सकाळी बाबांजवळ पाटी घेऊन बसते आणि मोडीचं एक अक्षर गिरवते. तुमच्याही घरी असं जुनं जाणणारं कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. आमचे बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत.