तपकिरी बाजू, निळी बाजू

मी एक गादी बोलतेय. झोपायची नव्हे, बसायची. गादी म्हटलं की लोकांना लगेच राजेरजवाडे आठवतात, म्हणून आधीच सांगते, माझ्यावर कुणी राजा बसलेला नाही. एका बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर माझी जागा आहे. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं. तुम्ही म्हणाल, गादीला कुठलं डोकं? तेही खरंच. पण गोंधळ व्हायला डोकं लागतंच असं नाही, हे मी माणसांकडे बघून शिकले.

माझा जन्म सोफे शिवायच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागिराची बायको बस चालवायची आणि रोज घरी आली की कंबर धरून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, पाठीला हादरे कमी करा. आता बस चालवायची आणि हादरे नकोत, म्हणजे पोहायचं आणि भिजायचं नाही. शेवटी नवऱ्यानं कारखान्यातून उरलेला फोम मागून आणला, जुन्या सोफ्याचं तपकिरी कापड घेतलं आणि मला शिवायला घेतलं. एका बाजूला पुरलं आणि कापड संपलं. मग पाठीमागे निळं लावलं.

"बेतताना चुकलं," तो म्हणाला.

"राहू द्या हो. मागचं कोण बघतंय?" ती म्हणाली.

मागचं बघणारा भेटला. तिची पाळी सकाळची. दुपारनंतर तीच बस मामा चालवायचे. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. मिशा पांढऱ्या झाल्यावर सगळ्या डेपोनं त्यांना मामा करून टाकलं होतं. पहिल्याच दुपारी त्यांनी मला उचललं, उलटून पालटून बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुझी बाजू तुला. ही निळी माझी." तेव्हापासून रिवाज पडला. पाळी संपवून जाणारा मला उलटायचा आणि येणाऱ्याची बाजू वर करून जायचा.

पुढे या उलटण्यात एक बोली तयार झाली. त्यालाही कारण घडलं. एकदा तिला ब्रेक हलके वाटले म्हणून तिनं चिठ्ठी लिहून स्टिअरिंगवर ठेवली. खिडकी उघडी होती, चिठ्ठी गेली वाऱ्यावर. मामांनी गाडी काढली आणि उतारावर त्यांना घाम फुटला. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी मामांच्या मांड्या किती थरथरत होत्या ते फक्त मला माहीत आहे. मग दोघांनी ठरवलं, चिठ्ठी उडते, निरोप सांगणारा विसरतो, गादी कुठे जाते? मी आडवी असले तर गाडी ठीक. पाठीला टेकवून उभी केलेली असले तर आधी विचार, मग काढ. आणि सीटवर नसलेच, तर गाडी जागची हलवायची नाही. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

माणसं तोंडानं काहीही बोलतात, बुडानं खोटं बोलता येत नाही. तिला राग आला की ती उजवीकडे कलायची. मामांना झोप आली की ते पुढे सरकून बसायचे. सिग्नलवर कुणी भांडायला आलं की ती तोंडानं "असू दे, जा बाबा" म्हणायची आणि माझ्यावर दगडासारखी घट्ट व्हायची. मला हे काम जमत होतं. गोंधळ नंतर सुरू झाला.

डेपोच्या वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम आहे. कुठली बस कुठे आहे, कुणाची ड्यूटी कधी, कुणाला सुट्टी द्यायची, गाडी बंद पडली तर काय करायचं, हे तिथे बसलेला कंट्रोलर बघतो. आमचा कंट्रोलर उभ्या उभ्या डबा खायचा आणि फोन वाजला की पोळी हातातच राहायची. एक दिवस त्याला चक्कर आली आणि तो परत आलाच नाही. मग डेपोच्या साहेबांनी तिला बोलावलं. बढती. "पंधरा दिवस बसून बघा," साहेब म्हणाले, "मग हो की नाही सांगा."

गाडी वर्कशॉपमध्ये असली की उसवलेल्या शिवणी परत घालून घ्यायला ती मला घरी न्यायची, त्यामुळे घरचं बोलणं मी कानांनी ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "घे बाई. बसून खायचं काम आहे."

"बसून शिव्या खायचं काम आहे गं आई," नवरा म्हणाला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पण तुझ्या पाठीला वरची खुर्ची बरी."

"पाठीला बरी," ती म्हणाली. "आणि डोक्याला?"

नवऱ्यानं मला घेतलं आणि दोरा ओवायला लागला.

तिचं सगळं तळ्यात मळ्यात चाललं होतं आणि तिच्यामुळे माझंही. ती वर गेली तर पाठ वाचेल, म्हणून जावं. ती वर गेली तर माझ्या तपकिरी बाजूवर कोण बसणार, म्हणून जाऊ नये. आणि पाठ गेल्यावर तरी ती माझ्यावर कुठे बसणार होती? मी जितका विचार करायची तितकी माझी मलाच उलटी सुलटी कळेना.

पहिले काही दिवस ती मला न घेताच वर बसली. सकाळी बसवर बदलीचा ड्रायव्हर यायचा. तो भला माणूस होता, पण त्याला आमची बोली ठाऊक नव्हती. माझी कुठलीही बाजू वर असली तरी तो धपकन बसायचा. मामा दुपारी येऊन स्वतःच मला उलटायचे.

मग एका दुपारी तिची पाठ फारच भरून आली. बदलीवाल्यानं गाडी आणून लावली होती आणि तो घरी गेला होता. ती खाली आली, मला उचललं, मामांना सांगू म्हणाली, तेवढ्यात वर फोन वाजला. ती मला काखेत मारून धावत जिना चढली, खुर्चीवर टाकलं, वर बसली आणि विसरली.

तेव्हा मला वरचं काम कळलं. तीन फोन होते. एक थांबला की दुसरा वाजायचा. चहावर साय धरली होती. एका ड्रायव्हरला मुलीच्या शाळेत जायचं म्हणून सुट्टी हवी होती, तो खाली असताना हिच्याबरोबरच डबा खाणारा. तिनं त्याला सुट्टी नाही म्हटलं आणि माझ्यावर उजवीकडे कलली, पण या वेळी राग स्वतःवरच होता. आणि दर वेळी फोन वाजला की तिचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर जोरात दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता. तरी ती दाबायची.

थोड्या वेळानं स्टँडवरून फोन आला. गाडी आली नाही, लोक ओरडताहेत. तिनं खिडकीतून बघितलं तर बस आवारातच उभी, आणि पायरीवर मामा हाताची घडी घालून बसलेले. तेवढ्यात साहेब दारात. "काय झालंय त्या गाडीला?"

तिनं मामांना फोन लावला. "मामा, गाडी का काढली नाही?"

"गादी नाही," मामा म्हणाले.

ती माझ्यावर बसली होती. तिच्या अंगावर जो काटा आला तो माझ्या फोमपर्यंत पोचला.

"गादी?" साहेब म्हणाले. "एका गादीपायी माणसं ताटकळली आहेत? काढायला सांगा गाडी."

तिनं तोंड उघडलं. तोंडात शब्द तयार होते, मला ते कळत होतं, कारण ती पुढे झुकली होती. सांगायला सोपंच होतं की मामा, गादी माझ्याकडे आहे, काढा गाडी. पण मग तिच्या ध्यानात आलं की खूणच बिघडली आहे. सकाळी गाडी चालवणाऱ्याला बोली येत नाही. मी सीटवर असते तरी गाडी ठीक आहे असं झालं नसतं आणि नव्हते म्हणून बिघडली आहे असंही नाही. तिनं बदलीवाल्याला फोन लावला. तो बंद.

ती उठली, मला उचललं आणि वाजते फोन तसेच टाकून खाली गेली. मला सीटवर घातलं, स्वतः बसली, आवारात गाडीची एक फेरी मारली, ब्रेक दाबून बघितले, परत दाबून बघितले. गाडी ठणठणीत होती. तिनं मला उलटून निळी बाजू वर केली आणि किल्ली मामांच्या हातात दिली. स्टँडवर पोचलो तेव्हा लोकांनी मामांचा यथेच्छ उद्धार केला. मामा आपले पुढे बघून गाडी चालवत होते.

वर काय झालं ते तिनं दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून मामांना सांगितलं. साहेबांना स्वतःला फोन घ्यावे लागले होते आणि त्यांच्या शर्टाला घामाचे नकाशे आले होते.

"म्हणाले, टेबल सोडून गेलात. मी म्हटलं, हो. म्हणाले, गाडीत काही निघालं? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग?"

"मग?" मामांनीही विचारलं.

"मग काय. मला तरी कुठे ठाऊक आहे?" ती मामांकडे वळली. "मामा, माझ्या तोंडावर आलं होतं. काढा गाडी. अगदी जिभेवर."

"पण बोलली नाहीस ना."

"काल नाही बोलले. चार महिन्यांनी बोलेन. रोज तीन फोन आणि दारात साहेब उभे, तर कोण नाही बोलणार? तिथे बसून मी तशी होईन, याची भीती वाटते."

"आणि तू नाही बसलीस तर?" मामांनी विचारलं. "जो बसेल त्याच्या तर जिभेवर आधीपासूनच असेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं तिचं झालं होतं. मामांचं म्हणणं तिला पटलं होतं आणि त्यामुळे तिला रडूही येत होतं. ती तिथेच डोळे पुसून वर गेली.

पंधरा दिवस संपले त्या दुपारी ती खाली आली. तिनं मला सीटवरून उचललं, काखेत घेतलं आणि जिन्याकडे निघाली. मी म्हटलं, चला, आता वरची खुर्ची. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली. वर फोन वाजत होता. ती वळली आणि बसकडे चालू लागली. मी म्हटलं, चला, परत स्टिअरिंग. मला आनंद झाला आणि लगेच तिच्या पाठीची आठवण होऊन तो गेलाही. बसजवळ मामा उभे होते.

तिनं मला सीटवर ठेवलं. निळी बाजू वर.

"हो सांगायला चाललेय," ती म्हणाली. "ही इथेच राहू दे. वर बसायचं ते साध्या खुर्चीवर बसेन."

"आणि पाठ?"

"पाठीचं बघू. मामा, एक करा. ज्या दिवशी मी 'काही होत नाही, काढा गाडी' म्हणेन, त्या दिवशी हिला घेऊन वर या आणि माझ्या टेबलावर उभी करा. काही बोलू नका. नुसती उभी करा."

मामांनी मान डोलावली. तिनं माझ्यावर तळहात दाबला, पीठ मळून झाल्यावर दाबतात तसा, आणि ती गेली.

आता सकाळी नवा ड्रायव्हर कायमचा आला आहे. तिनं स्वतः येऊन त्याला आमची बोली शिकवली. तो तपकिरी बाजूवर बसतो, जाताना मला उलटायचं तेवढं विसरतो, जरा हलका आहे, पण सवय होईल. माझं कापड विरलं आहे, एका कोपऱ्यातून फोम डोकावतो. शिवायला आता मला घरी कुणी नेत नाही.

तुम्हाला एक मागणं आहे. कधी स्टँडवर उशीर झाला आणि ड्रायव्हर गाडी न काढता नुसताच पायरीवर बसलेला दिसला, तर ओरडण्याआधी त्याला एकदा विचारा. कदाचित त्याची गादी जागेवर नसेल.

आवारात गाडी लागली की मी वरच्या खिडकीकडे बघते. तिची पाठ कशी आहे, साधी खुर्ची टोचते का, फोन वाजला की पाय अजून दाबला जातो का, मला काही कळत नाही. तिला भेटायची मला फार इच्छा आहे. पण मला जिना चढवून नेतील ते ती चुकेल त्या दिवशीच. म्हणून रोज दुपारी मामांचे हात माझ्याकडे आले की मला धड आशाही धरवत नाही आणि धड भीतीही. मामा मला उलटतात, निळी बाजू वर करतात आणि गाडी काढतात.