ठमीचं बाळंतपण

ठमीचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि नांद्यातल्या गोजराबाईच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलेना.

ठमी म्हणजे त्यांची कुत्री. तांबूस रंगाची, एक कान पडका, आणि अक्कल अशी की रोजच्या दूधवाल्यावर तुटून पडणार, पण परका माणूस आला की शेपूट हलवत त्याला घरात घेऊन येणार. चार वर्षांत ती तीनदा व्याली. पहिल्या दोन खेपांची पिल्लं लोकांनी नेली तरी. तिसऱ्या खेपेला सहा झाली, आणि नेमके तेव्हाच समोरच्या रस्त्यावरून बिल्डिंगांच्या कामाचे डंपर सुरू झाले. महिन्याभरात पाच पिल्लं चाकांखाली गेली. दर वेळी पाटी घेऊन मेलेलं पिल्लू रस्त्यावरून उचलून आणायचं काम गोजराबाईचंच. पाचव्या वेळी मात्र ती भर रस्त्यात खाली बसली आणि डंपरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मगच उठली. सहावं पिल्लू जांबे गावच्या एका माणसाला देऊन टाकलं. ठमी पुढे आठवडाभर त्या रस्त्याचा वास घेत फिरत होती.

विषय काढला तो शिरीनने. शिरीन त्यांची भाडेकरू. मूळची भोरची, तिकडे वडिलांचं कापडाचं दुकान, आणि ती इथे हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला.

"काकू, तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाका," ती म्हणाली. "महाळुंग्याला चांगले डॉक्टर आहेत. मी येते सोबत."

गोजराबाईचा नवरा भिवाजी, त्याला हे अजिबात पटलं नाही. "मुक्या जनावराच्या पोटात सुरी घालायची? देवानं दिलेलं काढून घ्यायला आपुन कोन?"

गोजराबाई चुलीपुढून ताडकन उठली. "व्हय का? आन् माझ्या वक्ताला कुटं गेलता तुमचा देव?"

यावर भिवाजीने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो गोठ्याकडे निघून गेला. उत्तर सुचलं नाही की त्याला म्हशी आठवायच्या.

डॉक्टरांचं सांगणं होतं की आदल्या रात्रीपासून खायला काही द्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. भूल दिल्यावर उलटी झाली आणि ती छातीत गेली तर जीवावर बेतेल, असं शिरीनने तीनदा बजावलं. आता त्या घरात शेवटची भाकरी कुत्र्याची, ही सासूच्या सासूपासूनची रीत. त्या रात्री ती भाकरी थापलीच नाही. सकाळी ठमी दारात येऊन बसली आणि तोंडाकडे बघायला लागली. मग गोजराबाईनेही चहाचा कप खाली ठेवला.

"काकू, उपास तिचा आहे, तुमचा नाही."

"गप बस गं. तिच्यापुढं घोट उतरंल व्हय घशाखाली?"

दवाखान्यातला डॉक्टर पियूष अगदीच कोवळा पोरगा निघाला. त्याने कागद पुढे केला, इथे सही करा म्हणाला. गोजराबाईने कागद उलटसुलट करून पाहिला. "आमच्या ह्यांना घरनं बोलवू का?"

"कशाला? कुत्री तुमची आहे ना? मग सही तुमची."

तिने पदराने हात पुसले आणि जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर सुटं करून सही केली. तीन तासांनी ठमी बाहेर आली ती झिंगलेल्या माणसासारखी पाय टाकत, पोटावर टाके, गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं. तिने टाके चाटू नयेत म्हणून. डॉक्टरने बोटांवर मोजत सांगितलं: दहा दिवस उड्या नाहीत, आंघोळ नाही, जखमेला काही लावायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि गळ्यातलं काढायचं नाही.

"न्हाई काढत," गोजराबाई म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी शिरीन भावाच्या लग्नाला भोरला गेली. भिवाजीने तर तिकडे ढुंकून बघायचं नाही असाच हट्ट धरला होता. उरल्या दोघी. ठमी नरसाळं घेऊन भिंतीला धडकायची, उंबऱ्याला अडकायची, पाणी प्यायला गेली की भांडंच उलथं करायची आणि मग कोपऱ्यात बसून रडायची. गोजराबाईने दीड दिवस कळ काढली. मग तिचा जीव गलबलला. "मरू दे मेलं हे नरसाळं," म्हणत तिने ते काढून बाजूला टाकलं. चाटू द्यायचं नाही एवढंच ना? त्याला काय प्लास्टिकच लागतं?

पोट फाडलंय म्हणजे ही बाळंतीणच, असा तिचा सरळ हिशेब. आणि बाळंतीण कशी सांभाळायची हे काल मिसरूड फुटलेल्या डॉक्टरने तिला शिकवायची गरज नव्हती. आपल्या तिन्ही लेकींची पाच बाळंतपणं तिने याच घरात केली होती. तिने टाक्यांवर तेलात कालवलेली हळद लावली. जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडला आणि ठमीच्या पोटाभोवती चार वेढे देऊन गच्च आवळून बांधला. शेजारी शेगडी ठेवली. डिंकाचा लाडू तुपात कुस्करून पुढे केला. ठमीने तो चाटूनपुसून खाल्ला, तेव्हा गोजराबाईला जग जिंकल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर हे सगळं ती एका ठमीसाठी करत नव्हती. तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी, तिसरी मुलगी सव्वा महिन्याची असताना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सोळा बायका नसबंदीच्या कॅम्पाला गेल्या आणि संध्याकाळी त्याच ट्रॉलीतून, एकमेकींच्या अंगावर कलंडत परत आल्या. पोट बांधा म्हणाली तर सासू म्हणाली, "बाळंतपन हाय व्हय हे? चार टाके तर हायेत." चौथ्या दिवशी ती भाताच्या लावणीला चिखलात उभी होती. टाके पिकले. तिने कुणाला सांगितलं नाही. वाकताना पदराचा बोळा दातांत धरायचा आणि रोप लावायचं, बस. लावणीचं आवण संपेपर्यंत तिने तसंच रेटलं.

"तुझं न्हाई तसं व्हऊ द्यायची," पट्ट्याची गाठ मारताना ती ठमीला म्हणाली. "तू निस्ती पडून ऱ्हा."

आणि ठमी पडून राहिली. पहिला दिवस, दुसरा दिवस. गोजराबाईला वाटलं, आराम पडतोय लेकराला. रोज सकाळी पट्टा आणखी जरासा आवळायची. तिसऱ्या दिवशी ठमीने लाडवाकडे तोंड फिरवलं. कानाला हात लावला तर चटका बसावा इतका गरम. आणि पट्ट्याखालून वास येत होता. हा वास गोजराबाईने पस्तीस वर्षांत दुसऱ्यांदा घेतला आणि ओळखला. 

"अवो!" ती ओरडली. "अवो, हिकडं या! ठमी चालली माझी!"

भिवाजी शेणाच्या हातांनी धावत आला. ठमीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, हात धुतले, आणि कुत्रीला उचलून रस्त्याला लागला. रिक्षा मिळाली. महाळुंगे येईपर्यंत त्याने तिला मांडीवर धरलं होतं आणि फक्त एकदाच बोलला, "तरी मी म्हनत हुतो." ते वाक्य गोजराबाईच्या काळजात रुतलं. ठमी मेली तर हे वाक्य मरेस्तोवर ऐकावं लागणार होतं, आणि त्यात खोटं काहीच नसणार होतं. ऑपरेशन हिने करवलं आणि मारलीही हिनेच.

डॉक्टरने कात्रीने पट्टा कापला आणि त्याचा चेहरा उतरला. दोन टाके सुटले होते, जखम ओली, पिवळी झाली होती.

"हे कुणी बांधलं?"

 मग भिवाजी खाकरला. "शेजारची पोरं असत्यात वो डॉक्टर, खेळता खेळता त्यांनीच कुनीतरी..."

"खोटं कशापायी बोलताय?" गोजराबाई म्हणाली. "मी बांधलंय. हळदबी मीच लावली. गळ्यातलं बी मीच काढलं."

डॉक्टर पोरगा असला तरी त्या दिवशी त्याने तिला चांगलंच झापलं. "काकू, बोटांवर मोजून सांगितलं होतं मी! टाक्यांना हवा लागायला हवी. तुम्ही तेल लावून गुंडाळून टाकलंत, आत सगळं कुजलं. मी प्रयत्न करतो. वाचेलच असं सांगत नाही."

गोजराबाईचा बांध फुटला. दवाखान्यात मांजर घेऊन आलेली दोन माणसं होती, त्यांचीही तिला पर्वा राहिली नाही. "मला कुनी बांधलं न्हवतं वो डॉक्टर! माझं ऑपरेशन झालं तवा कुनी शेगडी दिली न्हाई, कुनी पड म्हनलं न्हाई. चौथ्या दिशी चिखलात उभी केली. माझं बी असंच पिकलं हुतं. म्हनून म्हनलं, हिचं तरी नीट करावं. हिचं तरी!"

 डॉक्टरने हातमोजे चढवले आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या वेळी चुकलं होतं कुणाचं तरी, काकू. पण त्याची भरपाई हिच्या पोटावर नका करू." आणि तो ठमीला घेऊन आत गेला.

बाकावर दोघंच राहिले. भिवाजीने टोपी काढून हातात घेतली होती.

"पिकलं हुतं? तुझं?"

"व्हय."

"मला बोलली न्हाईस कदी."

"तुमी इचारलंत कदी?"

इथे गोठा नव्हता की उठून जायला म्हशी नव्हत्या. भिवाजी तिथेच बसून राहिला.

ठमीला दोन दिवस दवाखान्यात ठेवली. सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा टाके, गळ्यात पुन्हा नरसाळं. गोजराबाई त्या दोन दिवसांत नावापुरतीच जेवली. तिसऱ्या दिवशी फोन आला: ताप उतरला, ठमीने डॉक्टरच्या हातची बिस्किटं खाल्ली, न्यायला या. गोजराबाई फोन हातात धरून पोटभर रडली.

"आता मात्र ऐका," डॉक्टर म्हणाला. "दहा दिवस कुणीतरी सतत हिच्याजवळ बसायला हवं. उठू द्यायचं नाही, चाटू द्यायचं नाही. दुसरं काही काम नाही त्या माणसाने करायचं."

"ही बसंल," भिवाजी म्हणाला.

"आन् म्हशी? भाकरी?" गोजराबाईने विचारलं.

"म्हशी मला वळखत्यात. भाकरीचं बघू."

भाकरीचं जे बघितलं ते गावाने बघितलं. एक बाजू कच्ची, दुसरी कोळसा, आणि मधे हाताच्या पाचही बोटांचे ठसे. शिरीन भोरहून आली ती हसून हसून बेजार. "काका, ही खायची की छपराला लावायची?" भिवाजी म्हणाला, "लग्नाचं गोडधोड खाऊन आलीयास, म्हनून जीभ चाललीया. गप खा." आणि रोज ताट वाढून ओसरीवर आणून द्यायचा, आधी गोजराबाईला, मग ठमीला.

पहिले तीन दिवस गोजराबाईला बसणं जमेना. हात सारखे काहीतरी शोधायचे. सूप दिसलं की उठायची, आणि भिवाजी गोठ्यातून ओरडायचा, "बस खाली! डॉक्टरनं काय सांगितलंय?" चौथ्या दिवशी दुपारी तिला बसल्या जागी झोप लागली. उन्हं कलली, म्हशींच्या धारा झाल्या, तरी तिला कुणी उठवलं नाही. जागी झाली तेव्हा आधी घाबरीच झाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण घाबरायचं काही कारणच नाही.

अकराव्या दिवशी ठमीसकट तिघं महाळुंग्याला गेली. डॉक्टरने टाके काढले, जखमेवरून बोट फिरवलं आणि नरसाळं सोडलं. ठमीने अंग असं झाडलं की शेजारी मांजर घेऊन बसलेल्या एका बाईने पाय वर घेतले.

"एकदम ठणठणीत," डॉक्टर म्हणाला. "आता पळू दे, खेळू दे. विश्रांती संपली."

भिवाजी हलला नाही. टेबलावरच्या कागदांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, अजून म्हैनाभर आराम लिवून द्या की."

"अहो काका, काही गरज नाही. ठमी बरी झालीये."

"ठमीचं कोन म्हनतंय?"

डॉक्टरने मान वर करून पाहिलं. बाकावर बसलेली गोजराबाई पदर सावरत म्हणाली, "काय तरीच तुमचं. चला आता, धारांची येळ झाली." पण ती बाकावरून उठली नाही.