विनायकरावांची नोंद

“चोवीस तासांत लघवी फक्त दोनशे मिली,” तक्त्यावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले. “अटॅकनंतर अँजिओप्लास्टी करताना रक्तवाहिनीत जो डाय सोडला, त्याचा किडनीला त्रास झालेला दिसतो. रक्तातलं क्रिएटिनिनही एकवरून अडीचवर गेलंय. संध्याकाळी डायलिसिस सुरू करू.”

डॉक्टर गेले. शैलाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सकाळपासून विनायकराव तीनदा लघवी मोजायची बाटली घेऊन बाथरूमला गेले होते आणि दोनदा ती रिकामीच परत आली होती.

“अहो, ओतून टाकता की काय तुम्ही?”

विनायकराव खिडकीबाहेर कोलकात्यातल्या बेहाल्याची मेट्रो बघू लागले.

“बाटल्या न्यायला येणारी ती आयामासी बाटली वर धरून सगळ्या वॉर्डाला आकडा ओरडून सांगते. काही लाजलज्जा?”

“मानेत नळी घालतील ना, तेव्हा घेऊन बसा लाज!” शैलाताईंचा आवाज चिरकला. “भीती वाटते हो मला.”

विनायकरावांची पस्तीस वर्षं सर्वेक्षण खात्यात जमीन मोजण्यात गेली. हाताखालच्या कुणी आकडा खोडून बदलला, की भर उन्हात सगळं परत मोजायला लावत. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, असा त्यांचा खाक्या. घरी दुधाचं मापसुद्धा ते डोळ्यासमोर धरून बघत. आणि हेच गृहस्थ दोन दिवस धडधडीत खोटी नोंद होऊ देत होते.

“तक्ता दे इकडे,” ते म्हणाले.

पाच आकड्यांवर त्यांनी पाच रेघा मारल्या, पाच सह्या केल्या आणि खाली लिहिलं, ‘पूर्ण मोजलेले नाही. चूक माझी.’ नर्सने डॉक्टरांना बोलावून आणलं. ते चांगलेच वैतागले, पण रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. संध्याकाळपर्यंत नीट मोजा, मग डायलिसिसचं ठरवू, म्हणाले.

चार वाजता मासीने बाटली खिडकीकडे धरली. “शाडे तिनशो!”

समोरच्या खाटांवरच्या माना वळल्या. विनायकरावांचे कान लाल झाले.

“रुको, मासी. टेबलपर रखो.”

ते सावकाश उठले. टेबलाचा आधार घेत वाकले, डोळा बरोबर रेघेच्या पातळीवर आणला आणि माळावरून हाक मारावी तसे मोठ्याने म्हणाले, “तीनशे चाळीस. लिही, शैला.”